प्रश्नाचा सुविचार होतो तेव्हा

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या कादंबऱ्यांत निवेदक पुष्कळदा कथा थांबवून वाचकाला चार शब्द सुनावतो. ती बोधवचने आज फारशी कोणाला आठवत नाहीत. आठवतात ती शीर्षके: ‘गड आला पण सिंह गेला’, ‘जग हें असें आहे’ आणि सर्वांत अधिक ‘पण लक्षांत कोण घेतो?’ कादंबरी न वाचलेला माणूसही हे शेवटचे वाक्य सहज बोलून जातो. राणीच्या राज्यातल्या या लोकप्रिय मराठी कादंबरीकाराचे शहाणपण असे शीर्षकांत उरले. उरताना त्याचे काय झाले, हे तपासण्याजोगे आहे.

‘गड आला पण सिंह गेला’ हे परंपरेने शिवाजी महाराजांच्या तोंडी असलेले विधान स्वयंपूर्ण आहे. विजयाची किंमत सांगायला ते कुठेही चालते. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ हा मात्र प्रश्न आहे, आणि प्रश्नाला विचारणारा लागतो. ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आलेल्या या कादंबरीत यमू आपली हकीकत स्वतः सांगते. नवऱ्याच्या, रघुनाथरावांच्या, उत्तेजनाने तिला लिहिण्यावाचण्याची गोडी लागते. म्हणूनच ही हकीकत कागदावर येऊ शकते. वैधव्यानंतर तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते. यमू सिद्धान्त मांडत नाही. घरात काय घडले, कोण काय बोलले, हे सांगत जाते. त्यामुळे शीर्षकातल्या ‘कोण’चा रोख हळूहळू वाचकाकडे वळतो. यमूला वगळून तेच वाक्य फळ्यावरच्या सुविचारासारखे सुटे केले, की ‘कोणीच नाही’ हे उत्तर गृहीत धरले जाते. जाब विचारणारे वाक्य उसासा होऊन बसते.

ही घसरण किती महाग पडते, हे शहापूर-मुरबाडकडे पाहिले की कळते. कादंबरी क्रमशः येत होती त्याच काळात, १८९२ साली, तानसा धरण पुरे झाले आणि शहापूर तालुक्यातले पाणी मुंबईला जाऊ लागले. पुढे भातसा झाले. मुरबाड भागातील जमीन बारवीच्या पाण्याखाली गेली. तरी शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण अशाच गावांसाठी वापरली जाते. तिच्यात उशी कोणाची आणि घसा कोणाचा, हे स्पष्ट आहे. उलट, याच परिस्थितीवर शहरातला माणूस ‘पण लक्षात कोण घेतो?’ म्हणाला, तर तो स्वतःला त्या ‘कोण’मधून अलगद बाहेर काढतो, नळ मात्र त्याच्याच घरात असतो.

हरिभाऊंचा पाल्हाळ हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप आहे आणि तो खराही आहे. पण या कादंबरीत त्या पाल्हाळाचेच मोल आहे. शेकडो पाने यमूबरोबर काढल्यावर वाचकाला तो प्रश्न दुसऱ्याच्या नावावर ढकलता येत नाही. हरिभाऊंच्या वचनांचा संग्रह कोणी केलाच, तर त्यात हे वाक्य घेऊ नये. ते वाचायचे असेल, तर यमूच्या हकीकतीसकट वाचावे.