पाव वळसा

लॅपटॉपच्या कडेला एक बारीक, आयताकृती खाच असते. तिच्यात चार्जर बसत नाही, पेनड्राइव्हही जात नाही. वर्षानुवर्षं लॅपटॉप वापरणाऱ्यांनाही ती कशासाठी आहे हे ठाऊक नसतं. मला मात्र ती साऱ्या यंत्रातली सर्वांत देखणी जागा वाटते. सुमारे ७ मिलिमीटर लांब, ३ मिलिमीटर रुंद. आत हलणारा एकही भाग नाही. केन्सिंग्टन कंपनीच्या कुलपासाठी ही खाच आखली गेली आणि १९९०च्या दशकात ती घरोघरच्या यंत्रांवर आली. लॅपटॉपनं फक्त रिकामी जागा द्यायची, बाकी सगळं कुलपानं आणायचं, इतका साधा करार.

आता कुलपाचं डोकं जवळून पाहा. त्याच्या टोकाला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी आडपट्टी असते. ती खाचेशी जुळवून आत घालायची आणि किल्ली फिरवायची. आतल्या आत पट्टी पाव वळसा घेते आणि खाचेला आडवी पडते. जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर सरकवत, तसंच हे. इथे अडसर आतच पडतो, पण घालणारा बाहेर उभा असतो. तेवढ्यानं भागलं नसतं. अख्खं डोकं उलटं फिरवलं तर पट्टी पुन्हा खाचेशी जुळेल. म्हणून तिच्या दांड्याच्या दोन्ही अंगांना दोन खुंट्या खाचेत बसतात. त्या डोक्याला फिरूच देत नाहीत. या रचनेतली खरी प्रतिभा मला त्या दोन खुंट्यांत दिसते.

डोक्यामागे पोलादी तारांचा पीळ आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण. दुसऱ्या टोकाला फास. टेबलाच्या पायाभोवती केबल फिरवून डोकं फासातून ओवायचं. खुंट्याला दावं बांधावं तसंच हे.

तार मोठ्या कटरनं तुटते आणि जोर लावला तर डोकंही उपटून येतं. पण उपटताना लॅपटॉपची कड फाटते, मालाची किंमत उतरते. वाचनालयात जागेवरून पाच मिनिटं उठलेल्या माणसाचं यंत्र सहज काखोटीला मारणाऱ्याला आता हत्यार हवं, वेळ हवा आणि आवाजाची भीती पत्करायला हवी. या कुलपाचं सारं बळ त्या अडचणीत आहे.

निवड करताना आधी आपली खाच मोजावी. ३ बाय ७ मिलिमीटरची जुनी, प्रमाण खाच, २.५ बाय ६ची ‘नॅनो’, पातळ यंत्रांसाठी. आणि डेलच्या बऱ्याच लॅपटॉपांवरची पाचरीसारखी ‘वेज’. एकीचं कुलूप दुसरीला बसेलच असं नाही. मॅकबुक एअरला तर खाचच नाही. तिथे वेगळी जोडपट्टी लागते. मग किल्ली की आकडे? चार आकड्यांत दहा हजार जुळण्या होतात. किल्ली हरवायची चिंता नाही, पण आकडे लक्षात हवेत. पोकळ, गोल किल्लीचं कुलूप घेताना २००४ साल आठवावं. त्या वर्षी अमेरिकेत सायकलींची तशी कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडता येतात हे उघड झालं आणि ती बनवणाऱ्या कंपनीला ती बदलून द्यावी लागली. स्वस्त, जुन्या घडणीचं गोल कुलूप म्हणूनच टाळावं.

आणि खुंटा हलवून बळकट करावा, ही म्हण इथे अक्षरशः पाळावी. टेबलाचा पाय उचलून फास खालून सुटत असेल, तर उत्तम कुलूपही वाया गेलं. पायांना जोडणारा आडवा दांडा शोधावा, फास त्याला घालावा. मग डोकं खाचेत बसवून किल्ली फिरवावी आणि लॅपटॉप हलकेच ओढून पाहावा. तो ओढीला अडतो, तेव्हा आत आडवा पडलेला अडसर डोळ्यांना न दिसताही हाताला कळतो.