खालचा बर्थ, वरचा वर्ग

साहित्यसमीक्षा हा माझा प्रांत नव्हे. मी बी.कॉम., तेही सेकंड क्लासमध्ये. पण बावीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसून लोकांनी भरलेले, अर्धे भरलेले आणि भलत्याच ठिकाणी भरलेले इतके फॉर्म मी वाचले आहेत, की फॉर्म या वाङ्मयप्रकारावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला पोचतो, असे माझे नम्र मत आहे. कवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत. फॉर्मवर कोणी बोलत नाही. आणि माणसाचे आयुष्य, खरे सांगायचे तर, कवितेपेक्षा फॉर्मवरच जास्त चालते.

आज समीक्षेला घेतलेली कृती एका वाक्याची आहे. रेल्वेच्या आरक्षणाच्या फॉर्मवर ती छापलेली असते. जादा पैसे न घेता तुम्हाला वरच्या वर्गात बसवले तर चालेल का, असा तिचा आशय. पुढे एक चौकट. हो किंवा नाही लिहा. घरबसल्या तिकीट काढणाऱ्यांना लिहायचेही कष्ट नाहीत. चौकटीत खूण केली की झाले.

लेखकाचे नाव कुठेही नाही. पण २००६ साली ही योजना आली आणि त्या एका वाक्याने मध्यमवर्गाला जेवढी स्वप्ने दाखवली, तेवढी आमच्या मुदतठेवींच्या व्याजदरांनीही दाखवली नसतील.

कथानक साधे आहे. वरच्या वर्गात काही बर्थ रिकामे जाणार असतात. खाली वेटिंग लिस्टवाले ताटकळत असतात. मग चार्ट करताना संगणक खालच्या वर्गातल्या पूर्ण भाडे भरलेल्या काही प्रवाशांना उचलून वर बसवतो आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागा वेटिंगवाल्यांना देतो. एका तिकिटावरचे सगळे जण जायचे तर एकत्र जातात. सवलतीच्या तिकिटाला हे भाग्य नाही. २०२५ साली तर दोनच पायऱ्या वरपर्यंत अशी मर्यादाही आली. म्हणजे स्लीपरवाल्याने एकदम पहिल्या वर्गात जाऊन पाय पसरण्याचे स्वप्न नियमानेच मोडले. स्वप्नालाही सीलिंग असते, हे बँकेत नोकरी केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

इथवर कृती निर्दोष आहे. दोष पुढे सुरू होतात.

पहिला दोष मौनाचा. फॉर्मवर पुढे असेही म्हटलेले असते, की तुम्ही काहीच लिहिले नाही तर पूर्ण भाड्याच्या प्रवाशाला आपोआप वर पाठवले जाऊ शकते. हे मला कारकून म्हणून मुळीच पटत नाही. आमच्याकडे ग्राहक समोर उभा राहून घसा फोडून ‘हो’ म्हणाला, तरी सही जुळल्याशिवाय आम्ही शंभर रुपये देत नाही. आणि इथे गप्प बसलेल्या माणसाचा बर्थ बदलतो! मौन म्हणजे संमती हे लग्न ठरवताना ठीक होते. आता तिथेही चालत नाही.

दुसरा दोष मोठा आहे. तो ‘वरचा’ या एका शब्दात आहे. पण त्यासाठी मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

गेल्या श्रावणात आईला कुडाळला घेऊन जायचे होते. तिथून जवळच तिचे माहेर. भाऊ गेले, घर विकायला काढलेले. एकदा डोळ्यांनी बघून येऊ, म्हणाली. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे संपावर. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तोवर ती एस.टी.त ओकाऱ्या काढत माहेरी जायची. त्यामुळे ही रेल्वे तिला स्वतःसाठीच बांधल्यासारखी वाटते. तिची अट एकच होती.

‘खिडकी दे रे मला. उघडी. एसी नको.’

मी दिवसाउजेडी कोकणातून जाणाऱ्या गाडीचे स्लीपरचे तिकीट काढायला बसलो. किमान एक खालचा बर्थ मिळत असेल तरच तिकीट द्या, अशी सोय तिथे असते. तिच्यावर मी इमाने इतबारे खूण केली. मिळाला. आणि मग ती दुसरी चौकट दिसली.

वाचकहो, इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. गुंतवणूक शून्य, परतावा एसी! तोटा कुठे आहे? आमचे हेडकॅशियर तर म्हणाले, ‘अहो, फुकट लॉटरी कोण सोडतो?’ लॉटरीच्या तिकिटाला निदान पैसे पडतात, हा फरक त्या वेळी आम्हा दोघांच्याही लक्षात आला. पण तो फायद्याच्या बाजूला मांडला गेला. शिवाय ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये थांबली, त्यामुळे आई पूर्ण भाड्याची प्रवासी. म्हणजे सवलत गेली म्हणून ती भाग्याला पात्र झाली होती. मी खूण केली.

एका चौकटीत मी आईसाठी खालचा बर्थ मागितला आणि दुसऱ्या चौकटीत तो डावावर लावला. हे लक्षात यायला मला आदली रात्र उजाडावी लागली. मोबाइल वाजला. आम्ही थर्ड एसीत गेलो होतो. एक अप्पर, एक साइड अप्पर.

संगणकाची यात काडीइतकी चूक नाही. त्याने विचारले, मी हो म्हटले. वर्ग वर गेला, बर्थही वर गेला. शब्दाला तो अगदी जागला.

दिवसाचा प्रवास, त्यामुळे वर चढायचा प्रसंग नव्हता. समोरच्या खालच्या बर्थवर आईला मधली जागा मिळाली. खिडकीशी बसलेले गृहस्थ पनवेलच्या आतच काचेवर डोके टेकून झोपले. उरलेल्या काचेतून जे हिरवे दिसायचे ते काळपट दिसत होते. आईने पांघरूण घेतले, वरून शाल घेतली, कानाला रुमाल बांधला. चिपळूण आले आणि गेले.

‘छान वाटतंय ना, आई?’ मी अपराध्यासारखे विचारले.

‘थंड आहे बाबा,’ ती म्हणाली. ‘पण कोकण कुठे आहे?’

आता विमानाचे बघा. तिकडेही फुकट वरच्या वर्गाच्या आशेने काउंटरवर गोड हसणारे लोक असतात. पण तिथे निदान उलट दिशेचा हिशेब तरी मांडला आहे. तुम्हाला मनाविरुद्ध खालच्या वर्गात बसवले, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी, असा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. उतरवले तर भरपाई मिळते. चढवले तर कुणी भरपाई मागेल, हे कुठल्याच नियम करणाऱ्याच्या स्वप्नात आले नाही. कारण वर म्हणजे चांगले, हे सगळ्यांनी गृहीतच धरले आहे. भाड्याच्या तक्त्यात वर काय आणि खाली काय, ते बरोबर लिहिलेले असते. आईच्या तक्त्यात उघडी खिडकी सगळ्यात वर होती. तो तक्ता माझ्याजवळ होता, आणि मी तो वाचला नाही. फॉर्मला दोष देतो आहे खरा, पण समीक्षकाने स्वतःची चूक लपवू नये.

रत्नागिरीला गाडी थांबली. मी आईला म्हटले, ‘चल, पाय मोकळे करू.’ तिला हाताला धरून फलाटावरून आमच्या मूळ डब्याशी नेले आणि मूळच्या जागेशी आणून उभे केले. तिथे एक जोडपे होते आणि त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी खिडकीच्या गजांना नाक लावून बसली होती. त्यांचे तिकीट आदल्या दिवसापर्यंत वेटिंगला होते, रात्री कन्फर्म झाले. देवच पावला, असे तिची आई म्हणाली. तो देव म्हणजे मी, हे सांगण्याचा मला क्षणभर मोह झाला. आवरला.

आणि इथे समीक्षकाला आपले मत थोडे बदलावे लागते. आमचा जुगार फसला होता, पण त्याची पुरी रक्कम कुणाच्या तरी खात्यात जमा झाली होती. खाते जुळत होते.

‘आजी, इथे बसा,’ मुलगी म्हणाली आणि अर्धी खिडकी तिने सोडली. गाडी सुटली. थोड्या वेळाने पानवलच्या नदीवरचा तो चौसष्ट मीटर उंचीचा पूल आला. खाली दरीत धुके, वर पाऊस, आणि खिडकीत दोन चेहरे, एक पिकलेला, एक कोवळा. दोघींची तोंडे भिजली. आईने पुसलेसुद्धा नाही.

तेवढ्यात टीसी आला. तिकीट बघून चक्रावला.

‘आजी, तुम्ही एसीच्या. इथे कशा?’

‘पूल बघतेय,’ आई म्हणाली.

वरच्या वर्गाच्या प्रवाशाने खुशीने खाली येऊन बसावे, याला त्याच्याकडे काय नियम होता कोण जाणे. तो आमच्याकडे पाहत राहिला, मग दरीकडे पाहिले आणि पुढच्या प्रवाशाकडे वळला.

तेव्हा माझा समारोपाचा अभिप्राय असा. योजना भली आहे. वाक्य अपुरे आहे. त्या चौकटीच्या आधी आणखी एक चौकट हवी: आत्ता तुमच्या हातात जे आहे, ते गेले तर चालेल का? तिचे उत्तर लिहून झाल्यावरच माणसाने पुढच्या चौकटीकडे वळावे. तोवर ती वरची चौकट आपली आपणच मनात छापून घ्यावी आणि ज्याला खिडकी हवी आहे त्यालाच आधी विचारावे.

परतीच्या तिकिटाच्या वेळी मी विचारले. आई म्हणाली, ‘नाही लिही. आणि ठळक लिही.’