पुस्तकांचा संसार : अ‍ॅन फॅडिमन यांचे विनोदी निबंध

आज मी एका लहानशा पुस्तकाबद्दल बोलणार आहे. पुस्तकाचं नाव 'एक्स लिब्रिस', लेखिका अ‍ॅन फॅडिमन, प्रसिद्धीचं वर्ष १९९८. अमेरिकेतल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, 'सिव्हिलायझेशन' नावाच्या नियतकालिकात त्या एक सदर लिहीत असत. त्यातले अठरा निबंध इथे एकत्र केले आहेत. सदराचं नाव होतं 'द कॉमन रीडर', सामान्य वाचक. ते व्हर्जिनिया वुल्फकडून घेतलेलं, आणि वुल्फबाईंनी ते डॉक्टर जॉन्सनकडून घेतलेलं. म्हणजे उसनवारी दोन पिढ्यांची.

आता अशा पुस्तकावर तत्त्वज्ञानाच्या माणसाने काय बोलायचं? आपल्याकडे फडके-खांडेकरांपासून लघुनिबंध आला. तो ज्या इंग्रजी घराण्यातून आला त्याचा मूळपुरुष चार्ल्स लॅम. फॅडिमनबाईही त्याच लॅमच्या भक्त. तेव्हा हे हलकंफुलकं लेखन आहे असं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण या पुस्तकात एक प्रश्न दडलेला आहे, त्याच्यासाठी मी ते निवडलं. पुस्तकांवर प्रेम करणारं घर बाहेरच्या जगाकडे कसं पाहतं, हा तो प्रश्न.

पहिला निबंध ग्रंथसंग्रहांच्या लग्नाचा. नवराबायकोची ओळख दहा वर्षांची, एकत्र राहून सहा वर्षं झालेली, लग्नाला पाच. आणि आत्ता कुठे दोघांनी आपापली पुस्तकं एकत्र लावायचं ठरवलंय! पलंग एक झाला, बँकेचं खातं एक झालं, पण पुस्तकांचे फळे वेगळेच. पती जॉर्ज हाउ कोल्ट हेही लेखकच. ते सगळं साहित्य एका सदरात घालणारे. या देशानुसार, विषयानुसार वाटण्या करणाऱ्या. तडजोड होते. मग बाई म्हणतात, एकेका लेखकाची पुस्तकंसुद्धा कालक्रमाने लावायची. जॉर्ज भडकतात. शेक्सपिअरची नाटकं कोणत्या क्रमाने लिहिली गेली हे कुणालाच नक्की ठाऊक नसताना ती तशी लावायची कशी? आयुष्यात घटस्फोटाचा गंभीरपणे विचार केला असे प्रसंग मोजकेच, त्यांपैकी हा एक, असं जॉर्ज सांगतात.

हसू येतं, येऊ द्या. पण त्यानंतरची गोष्ट पाहा. दोघांकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आहेत. एक काढून टाकायची. कोणती? आणि टाकायला हात का होत नाही? कारण दुसरी प्रत टाकली म्हणजे परतीचा रस्ता संपला. उद्या वेगळं व्हायची वेळ आली तर आपापल्या आवडीची प्रत हाताशी असावी, ही जपून ठेवलेली सोय होती ती. सप्तपदीने जे झालं नाही ते एका जुन्या प्रतीने होतं. (सप्तपदी माझी, त्यांच्या निबंधात नाही.) विवाह म्हणजे करार की एकरूपता, यावर हेगेलने लिहिलंय. मला वर्गात तो समजावून सांगायला दोन तास लागायचे. या बाईंचं काम काही पानांत झालं.

आणखी एक निबंध पुस्तक कसं हाताळावं याचा. अ‍ॅन अकरा वर्षांची, भाऊ किम तेरा वर्षांचा, कोपनहेगनमधलं हॉटेल. भावाने वाचता वाचता पुस्तक उघडं, पालथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पुस्तक नीट मिटलेलं, खुणेला कागद, आणि वर खोली आवरणाऱ्या बाईची चिठ्ठी, की महाशय, पुस्तकाशी असं कधीही वागू नये. यावरून लेखिका पुस्तकप्रेमींचे दोन पंथ पाडतात. एक दरबारी प्रेमिकांचा, पुस्तकाला ओरखडा न लागू देणारा. दुसरा देहाने प्रेम करणारा: कोपरे दुमडणारा, समासात लिहिणारा. फॅडिमन घराणं दुसऱ्या पंथातलं. वडील तर विमानात वाचताना वजन कमी व्हावं म्हणून वाचून झालेली प्रकरणं फाडून टाकायचे! शब्द महत्त्वाचे, कागद हे नुसतं भांडं, अशी त्यांची धारणा. आपण मात्र या दोन्हींत बसत नाही. पुस्तकाला पाय लागला की आपण ते कपाळाला लावतो, मग ते रेल्वेचं वेळापत्रक का असेना. हा तिसरा पंथ. त्यात वाचलंच पाहिजे अशी अट नाही.

हे वडील म्हणजे क्लिफ्टन फॅडिमन, आपल्या काळातले प्रसिद्ध समीक्षक आणि रेडिओवरच्या प्रश्नमंजूषेचे सूत्रधार. आई युद्धवार्ताहर. चौघं उपाहारगृहात गेली की पदार्थांचं पत्रक हातात घेऊन आधी मुद्रणदोष काढणार, मग जेवणार. हा निबंध मला पूर्वी फार आवडायचा, हल्ली थोडा टोचतो. हॉब्ज म्हणतो, हसणं म्हणजे दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ आहोत याचा अचानक झालेला आनंद. हे हसू तसलं आहे. लेखिका स्वतःलाही त्यात ओढतात, खोड घराण्याची आहे म्हणतात. तरी पत्रक छापणारा शेवटी चूक या रूपातच आत येतो. बर्गसाँच्या मते विनोदाला हृदय घटकाभर बधिर करावं लागतं. घरातल्यांवर हसताना या बाईंचं हृदय मुळीच बधिर होत नाही. घराबाहेरच्यांच्या बाबतीत थोडं होतं.

आणि याच लेखिकेचं १९९७ मधलं पुस्तक कोणतं? कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावी लाओसमधून आलेलं एक ह्मोंग कुटुंब, त्यांची अपस्माराची मुलगी, आणि एकमेकांची भाषा न कळलेले डॉक्टर व आईबाप. 'द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन'. पिढ्यान्‌पिढ्या सगळं तोंडी सांगत आलेल्या समाजातलं ते घर, पुस्तकांचं नव्हे. त्यांच्या बाजूने इतक्या समजुतीने लिहिणारी बाई पुढच्याच वर्षी चुका मोजणाऱ्या घराचं कौतुक करते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. मग 'एक्स लिब्रिस' नुसतं गोड राहत नाही.

त्या घराला स्वतःची झडती घ्यावी लागते ती 'द हिज'र प्रॉब्लेम' या निबंधात. इंग्रजीत वाचक, लेखक, कुणीही म्हटलं की पुढे पुल्लिंगी 'ही' यायचा. तो चालू ठेवावा तर बायका वगळल्या जातात, 'हिज ऑर हर' म्हणावं तर वाक्य लंगडतं. बाईंचा कान एकीकडे, विवेक दुसरीकडे. मग त्या थेट वडिलांनाच विचारतात: तुम्ही तेव्हा 'ही' लिहायचात, त्यात स्त्रिया धरलेल्या असायच्या का? म्हातारा माणूस सांगतो, नाही. माझ्या डोळ्यांपुढे पुरुषच असायचे, साहित्याचं जगच मी पुरुषांचं मानत होतो. आणि पन्नास वर्षांपूर्वीचा जो कोणी लेखक हे नाकारेल तो खोटं बोलतो, असंही वर म्हणतो. लगेच दुरुस्ती करतो: पुरुष लेखक, असं म्हणायचंय मला. चुका काढण्याची घराण्याची सवय इथे पहिल्यांदा योग्य जागी लागली, आणि हसूही तसंच राहिलं.

आपल्या मराठीत क्रियापदच लिंग सांगतं. मी वाचतो, मी वाचते. लपायला जागा नाही. पण 'वाचक म्हणेल की हा लेखक काय सांगतो', हे वाक्य आपण जन्मभर लिहिलं. तत्त्वज्ञानाच्या आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'ज्ञाता' पुल्लिंगीच. 'ज्ञात्री' असा शब्द संस्कृतात व्यवस्थित बनतो, पण तो कुठल्या प्रश्नपत्रिकेत पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. प्राध्यापकमंडळींनी कधीतरी यावर आपल्या विद्यार्थिनींना विचारावं, आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकावं.

पुस्तक मिळालं तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी हा 'हिज'र' वाचा, मग लग्नाचा निबंध. उपाहारगृहाचा सगळ्यात शेवटी, शक्यतो जेवण झाल्यावर. आता प्रश्न असतील तर घेऊ या.