त्रिकोण सरकला, समज जागेवरच

आलेख कागदावर एक त्रिकोण काढलेला असतो. त्याचे शिरोबिंदू (1, 1), (4, 1) आणि (1, 3). प्रश्न असतो, 'हा त्रिकोण 3 एकक उजवीकडे व 2 एकक वर सरकवा.' विद्यार्थी प्रत्येक क्ष-निर्देशकात 3 व य-निर्देशकात 2 मिळवतो, (4, 3), (7, 3), (4, 5) असे उत्तर लिहितो आणि पूर्ण गुण घेतो. यात चूक काहीच नाही. आमची तक्रार अशी की, धडा इथेच संपतो आणि भूमिती सुरूच होत नाही.

स्थानांतरणावरचे बरेच लेखन आम्ही अलीकडे वाचले. त्यात पूरक पुस्तके होती, गाइडे होती, शिकवणी वर्गांच्या टिपाही होत्या. आकृत्या सुबक, उदाहरणे भरपूर. पण बहुतेक ठिकाणी आराखडा एकच: नियम, सोडवलेले एक उदाहरण आणि त्याच छापाची दहा गणिते. या दहांपैकी एकही गणित बेरजेपलीकडचे काही तपासत नाही.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. आपण फक्त तीन बिंदू सरकवले. मग त्यांच्यामधल्या असंख्य बिंदूंचे काय? ते आपोआप सरळ रेषेतच राहिले, हे कशावरून? शंका निरर्थक वाटत असेल, तर 'प्रत्येक क्ष-निर्देशकाचा वर्ग करा' असा नियम घेऊन पाहा. (0, 0), (1, 1), (2, 2) हे एका रेषेतले बिंदू अनुक्रमे (0, 0), (1, 1), (4, 2) येथे जातात आणि रेषा मोडते. म्हणजे शिरोबिंदू हलवले की आकृती हलली, हे प्रत्येक नियमाला लागू नाही. स्थानांतरणात ते लागू पडते, कारण सर्व बिंदूंत सारखीच संख्या मिळवली जाते. त्यामुळे कोणत्याही दोन बिंदूंच्या निर्देशकांतील फरक तसाच राहतो: आधी 4 − 1, नंतर 7 − 4. अंतराचे सूत्र या फरकांवरच उभे आहे. म्हणून लांबी बदलत नाही, आणि तिन्ही बाजू तेवढ्याच राहिल्याने त्रिकोण एकरूप राहतो.

या चार ओळींचे मोल इतिहासात आहे. युक्लिडने पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या प्रमेयात, म्हणजे आपल्या बाकोबा कसोटीसाठी, एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवला. आकृती अशी उचलता येते आणि उचलताना ती बदलत नाही, हे मात्र त्याच्या गृहीतकांत कोठेच नव्हते. 1899 मध्ये हिल्बर्टने भूमितीची पुनर्मांडणी केली, तेव्हा या कसोटीचा गाभा त्याला सरळ गृहीतक म्हणूनच घ्यावा लागला. निर्देशक आणि अंतराचे सूत्र हाताशी असले, तर 'सरकवल्याने आकार बदलत नाही' हे नववी-दहावीचा विद्यार्थी स्वतः सिद्ध करू शकतो. इतकी मोठी गोष्ट हातात असताना आपण त्याला फक्त बेरीज करायला लावतो.

दुसरी उणीव अधिक महाग पडते. एका शिबिरात अकरावीच्या एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, "सर, वर्तुळ उजवीकडे नेलं, तर 3 मिळवायचे ना? मग समीकरणात वजा 3 का?" तिला आधी मिळालेले उत्तर होते, 'समीकरणात चिन्ह उलटे होते, पाठ कर.' तिने पाठ केले होते, पण तिचे समाधान झाले नव्हते. तिचे समाधान झाले नाही, याचा आम्हाला आनंदच झाला.

क्ष² + य² = 4 हे वर्तुळ घ्या. केंद्र आरंभबिंदूवर, त्रिज्या 2. ते 3 एकक उजवीकडे नेले की समीकरण होते (क्ष − 3)² + य² = 4. आता निर्देशक हा बिंदूचा पत्ता आहे, तर समीकरण ही बिंदूची परीक्षा आहे. नव्या वर्तुळावरचा बिंदू, समजा (5, 0), परीक्षेला आला. आपल्याजवळची परीक्षा जुन्या वर्तुळाची आहे. म्हणून त्याला विचारायचे, 'तू कोठून आलास?' तो 3 मागे जाऊन सांगतो, '(2, 0) वरून.' तो बिंदू जुन्या परीक्षेत उतरतो, म्हणून हा नव्या वर्तुळावर आहे. वजा 3 ही मागे वळून पाहण्याची खूण आहे. चिन्ह उलटे झालेले नाही, प्रश्न उलटा विचारला आहे.

तिसरा गोंधळ अक्षांचा. अकरावीत आरंभबिंदू हलवण्याची सूत्रे येतात. तिथे आकृती जागेवर असते, अक्ष सरकतात. अक्ष 3 एकक उजवीकडे गेले, तर प्रत्येक बिंदूचा नवा क्ष-निर्देशक 3 ने कमी होतो. गाडी सुटली की फलाट मागे जातो, तसेच हे. आधी न सांगता एका धड्यात आकृती आणि दुसऱ्यात अक्ष हलवले, तर विद्यार्थ्याला दोन परस्परविरोधी नियम दिसणारच. 'काय हलले?' हा प्रश्न प्रत्येक गणिताच्या आरंभी विचारावा, एवढीच आमची सूचना.

हा केवळ परीक्षेचा मामला नाही. आरंभबिंदू पुण्यात धरा की नागपुरात, निसर्गाचे नियम तेच राहतात, यावर आमचे सारे संशोधन उभे असते. स्थानांतराने नियम बदलत नाहीत, यातूनच संवेगाची अक्षय्यता निघते, हे एमी नोदर यांनी 1918 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयावरून समजते. ज्याने स्थानांतरण म्हणजे बेरीज एवढेच ऐकले, त्याला पुढे हे वाक्य जादूसारखे वाटेल.

दहा बेरजांऐवजी वर्गात एकच प्रश्न द्यावा. (2, 1), (5, 1), (2, 3) हा एक त्रिकोण आणि (4, 3), (7, 3), (7, 5) हा दुसरा. पहिला नुसता सरकवून दुसरा मिळेल का? दोन्ही एकरूप आहेत, तरी उत्तर 'नाही' असे आहे. का, ते विद्यार्थ्यांना ट्रेसिंग कागदावर पहिला त्रिकोण गिरवून, कागद न फिरवता सरकवून शोधू द्यावे. कागद पालथा घालावासा वाटला, की त्या तासाला भूमिती सुरू झाली असे समजावे.