रेणू नवा, रंग कच्चा

लोकर, रेशीम आणि नायलॉन यांच्यासाठी नवा ॲसिड रंग तयार केल्याचे सांगणारे शोधनिबंध आपल्या विद्यापीठांतून वर्षानुवर्षे बाहेर पडत आहेत आणि आता ते वाचवत नाहीत. त्यांचा साचा ठरून गेला आहे. एखादे नवे अमाइन घ्यायचे, ते डायझोटाइझ करायचे आणि एच-ॲसिड, जे-ॲसिड, गॅमा-ॲसिड अशा ओळीने मांडलेल्या घटकांशी जोडून रंगांची एक मालिका उभी करायची. मग उत्पादनाची टक्केवारी, इन्फ्रारेड आणि एनएमआरचे आलेख. शेवटच्या पानावर तिन्ही कापडांचे तुकडे दोन टक्के छटेत रंगवलेले असतात आणि पक्केपणाच्या तक्त्यात ‘बरा ते उत्कृष्ट’ असा शेरा असतो. त्या रंगाने पुढे सुताची एक लडी रंगल्याचे ऐकू येत नाही.

तक्रार मेहनतीबद्दल नाही. प्रयोगशाळेत उभे राहून, बर्फात डायझोचे द्रावण सांभाळत मुले रात्री काढतात, हे मला ठाऊक आहे. तक्रार त्यांना चुकीच्या प्रश्नावर बसवणाऱ्यांबद्दल आहे. पर्किनचा जांभळा १८५६चा, ग्रीसची डायझो अभिक्रिया १८५८ची, निकल्सनने निळ्याला सल्फोनेट करून पाण्यात विरघळवले ते १८६२ साली. रूसँचा ऑरेंज टू १८७६ साली बाजारात आला आणि त्या दिवसापासून रंगीत ॲझो रेणू जोडणे ही या कलेतली अडचण उरली नाही. अडचण उरली ती दुसरीच. रंग धाग्यात सगळीकडे सारखा पोचला पाहिजे आणि एकदा पोचला की बाहेर येता कामा नये. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. जो रेणू सहज फिरतो तो सहज धुपतो, जो घट्ट बसतो तो जिथे पहिल्यांदा टेकतो तिथेच अडकून डाग पाडतो. गेल्या दीडशे वर्षांतले या क्षेत्रातले सगळे मोठे काम या पेचावर झालेले आहे.

एकच उदाहरण घेतो, कारण ते अभ्यासक्रमात असूनही त्याचा अर्थ कुणी मनावर घेतलेला दिसत नाही. एच-ॲसिडच्या अमिनो गटावर ॲसिटिल चढवून त्याला ॲनिलिन जोडले की ॲसिड रेड १ मिळतो. निळसर झाकेचा देखणा लाल. लोकरीवर तो पाण्यासारखा पसरतो, कुठे पट्टा नाही, कुठे डाग नाही. आणि धुतला की टबातले पाणीही तितकेच देखणे लाल होते. आता त्या ॲनिलिनच्या शेपटाला बारा कार्बनांची साखळी लावा. हा ॲसिड रेड १३८, आयसीआयच्या कार्बोलन रंगांपैकी एक. डोळ्यांना दिसणारी छटा जवळपास तीच, कारण प्रकाश शोषणारा भाग तसाच राहिला आहे. पण तेलकट शेपूट धाग्याच्या आत रुतते आणि धुलाईतला पक्केपणा कुठल्या कुठे वाढतो. बदल्यात रंगाऱ्याला पीएच आणि तापमान डोळ्यांत तेल घालून सांभाळावे लागते, कारण हा रंग एकदा टेकला की हलत नाही. तीच छटा, आणि रंग पूर्ण वेगळा. कार्बोलन आले ते १९३०च्या दशकात. आज, नव्वद वर्षांनी, आमचे निबंध अजून छटेची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजण्यात गुंतले आहेत.

तिन्ही कापडांना सरसकट लावलेली ती दोन टक्के छटाही जरा तपासून पाहू. दोन टक्के म्हणजे किलोभर कापडाला वीस ग्रॅम रंग. रंगाचा रेणुभार पाचशेच्या आसपास आणि त्यावर सल्फोनेटचे दोन गट असले, तर किलोमागे ऐंशी मिलिमोल ऋणभार कापडावर चढवायचा आहे. लोकरीत अमिनो गट किलोमागे सुमारे आठशे मिलिमोल असतात, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा जागा भरली. नायलॉन ६६ मध्ये ते असतात अवघे चाळीसच्या आसपास. तिथे दुप्पट गर्दी झाली. आम्ल वाढवून उरलेला रंग अमाइडच्या जागांवर जबरदस्तीने चढवता येतो, पण तो पहिल्या साबणात उतरतो. म्हणजे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापलेले हे आकडे दोन वेगळ्या प्रयोगांचे आहेत आणि त्यांची तुलना निरर्थक आहे. नायलॉनचा खरा प्रश्न तर याच टंचाईतून निघतो. जागा थोड्या असल्यामुळे लाल, पिवळा आणि निळा एकत्र घातले की एक सल्फोनेटवाला रंग दोनवाल्याला हाकलून लावतो आणि ठरवलेला तपकिरी हिरवट होऊन बाहेर येतो. धागा ओढताना झालेला बारीकसा फरकही पट्ट्यांच्या रूपाने वर येतो. ज्याला नायलॉनसाठी नवा रंग केल्याचा दावा करायचा आहे त्याने निदान तीन रंगांच्या मिश्रणात आपला रंग कसा वागतो ते दाखवावे. हे दाखवलेला निबंध हाती लागला की मी तो शेवटपर्यंत वाचतो. असे निबंध फार थोडे.

बाकीच्या प्रवाहांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वनस्पतिरंगांचे पुनरुज्जीवन प्रदर्शनातल्या शालीपुरते ठीक आहे, पण हळद उन्हात टिकत नाही हे आपल्या आज्यांनाही माहीत होते. सूक्ष्मजीवांकडून रंग करवून घेणाऱ्या कंपन्यांना आणखी दहा वर्षे देऊन मग बोलू. नॅनोचांदीने रंगवलेली लोकर हा निव्वळ अनुदान मिळवण्याचा विषय आहे. धातुयुक्त १:२ रंग, म्हणजे गायगीच्या १९४९ सालच्या इर्गालनपासूनचे, उन्हात पक्के आणि कामाला विश्वासू. गालिच्यांच्या लोकरीला ते शोभतात, पण छटा कायम मंद, आणि रेणूत क्रोमियम किंवा कोबाल्ट आहेच.

ज्याबद्दल मनापासून लिहावेसे वाटते ते काम धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांचे आहे. रिॲक्टिव्ह रंग म्हटले की आपल्याकडे सुती कापड आठवते, १९५६चे प्रोशियन आठवतात. पण आयसीआयमध्ये स्टीफन यांनी ते रेणू बनवायला घेतले होते लोकर डोळ्यांपुढे ठेवून; तिथल्याच रॅटी यांनी ते अल्कलीत कापसावर चढवून पाहिले आणि इतिहास तिकडे वळला. लोकरीची वेळ दहा वर्षांनी आली. १९६६ साली सिबाने लॅनासोल आणले. रेणूच्या एका टोकाला अल्फा-ब्रोमोॲक्रिलअमाइडचा गट, आणि लोकरीतल्या लायसिनच्या अमिनो गटांशी व सिस्टीनच्या थायॉलशी तो कायमचा जोडला जातो. या रचनेतली खरी बुद्धिमत्ता गतीत आहे. पीएच पाच ते सहाच्या दरम्यान, तापमान हळूहळू उकळीपर्यंत. रंग आधी ॲसिड रंगासारखा विद्युतभाराच्या ओढीने धाग्यात शिरतो, फिरतो, सारखा होतो आणि मगच बंध घट्ट होऊ लागतो. सोबत घातलेले द्विभारी साहाय्यक रसायन रंगाला पृष्ठभागावर एकदम तुटून पडू देत नाही. शेवटी अमोनियाने पीएच साडेआठपर्यंत नेऊन न जोडलेला रंग धुऊन काढायचा. सुरुवातीला सांगितलेला जुना पेच इथे सुटतो: फिरण्याचा काळ आणि बसण्याचा काळ वेगळे केले. यंत्रात धुता येणारी लोकर गडद, झगझगीत रंगांत मिळू लागली ती मुख्यतः या रंगांमुळे.

यातला सगळ्यांत अवघड गड काळा. लोकरीचा पक्का काळा म्हणजे क्रोम ब्लॅक, हे समीकरण शंभर वर्षे चालले. आधी रंग चढवायचा, मग त्याच टाकीत डायक्रोमेट घालून उकळायचे. लोकर सहा संयुजेच्या क्रोमियमचे तीनमध्ये रूपांतर करते आणि धातू रंगाला धरून ठेवतो. काळा असा की दुसरा कुठलाही त्यापुढे राखाडी वाटावा. पण रूपांतर कधीच पूर्ण होत नाही आणि उरलेले क्रोमियम गटारात जाते. युरोपने २१ सप्टेंबर २०१७ पासून सोडियम डायक्रोमेट परवानगीशिवाय वापरण्यावर बंदी घातली, त्याआधीच लॅनासोलच्या काळ्या मिश्रणांनी क्रोमची जागा घ्यायला सुरुवात केली होती. रेणूत ब्रोमीन आहे आणि तेही सांडपाण्यात जाते, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. तो खरा आहे म्हणूनच पुढचे काम तिथे आहे: ब्रोमीन न सोडणारा, तरी तितकाच जोडला जाणारा गट शोधणे. लीड्स विद्यापीठात डेव्हिड लुइस यांच्यासारख्यांनी लोकरीच्या रिॲक्टिव्ह रंगांवर आयुष्य घातले. आपल्याकडे त्या कामाचा उल्लेख निबंधाच्या प्रस्तावनेत होतो आणि त्यापुढे काहीच होत नाही.

आता रेशमाकडे येतो, कारण मला खरा राग तिथे आहे. लोकरीला स्वतःचे रंग मिळाले, नायलॉनसाठी कंपन्यांनी स्वतंत्र संच केले. रेशमाला मात्र नेहमी दुसऱ्याच्या यादीतून निवडलेले रंग मिळाले. लोकरीच्या छटापत्रकातून काही, कापसाच्या पत्रकातून काही. कारण सरळ आहे: जगाच्या कापडबाजारात रेशीम चिमूटभर आहे आणि मोठ्या कंपन्यांना चिमूटभर मालासाठी नवा रेणू परवडत नाही. परंतु रेशीम ही लोकर नाही. फायब्रॉइनमध्ये शंभर अमिनो आम्लांत लायसिन एकही भरत नाही आणि सिस्टीन तर नसल्यातच जमा. लॅनासोल ज्या जागांवर पकड घेतो त्या जागाच इथे नाहीत. भरपूर आहे ते सेरिन, शंभरात बाराच्या आसपास, आणि टायरोसिन, पाचच्या आसपास. कापसाचे रिॲक्टिव्ह रंग या हायड्रॉक्सिलांना धरू शकतात, पण त्यांना सोडा लागतो आणि सोड्याने रेशमाची झळाळी जाते. उकळी दिली तर धागा घासून भुरकट होतो. म्हणून डिंक काढलेली लडी नव्वद अंशांच्या आत, सौम्य आम्लात, साध्या ॲसिड रंगात बुडवायची आणि ग्राहकाला सांगायचे की पाण्यात घालू नका.

येवल्याची पैठणी घेताना हेच सांगितले जाते. हजारो रुपये मोजलेली साडी, पदरावर मोर, आणि काठाचा लाल अंगावर उतरेल या धास्तीने ती आयुष्यभर पाण्याला लागत नाही. विणकराचा यात दोष नाही, रंगाऱ्याचाही नाही. त्यांच्या हाती जे रंग दिले गेले त्यांची ती मर्यादा आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या रंगाच्या पक्केपणाचा विचार मात्र कुठल्या मानांकनात नाही.

टायरोसिनच्या कड्यावर मॅनिच अभिक्रियेने रंग बांधण्याचे प्रयोग चीनमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केले आहेत. ते वाचताना पहिल्यांदा वाटले की कुणीतरी रेशमाकडे रेशीम म्हणून पाहत आहे. तापमान कमी, सोडा नाही, आणि बंध खराखुरा सहसंयुज. अडचण फॉर्माल्डिहाइडची आहे आणि ती मोठी आहे. पण अडचण योग्य ठिकाणी आली आहे, आणि ती सोडवणाऱ्याचे नाव या कलेच्या इतिहासात राहील. ते नाव भारतातले का असू नये? रेशमाच्या उत्पादनात आपण जगात दुसरे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा जो रसायन-तंत्रज्ञान विभाग सुरू झाला त्यात वस्त्ररसायन पहिल्यापासून होते. कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी तिथे आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बसून संश्लेषित रंगांच्या रसायनशास्त्राचा जो बहुखंडी ग्रंथ उभा केला त्याचे पहिले खंड १९५२ साली निघाले आणि जगभरच्या रंगशाळांनी ते वापरले. हा वारसा असलेल्या देशात रेशमाच्या रंगावर काम करणारा एकही स्वतंत्र कार्यक्रम मोठ्या आवाजात चालू नसावा, ही लाजेची गोष्ट आहे.

उलट आपण नव्या अमाइनाला एच-ॲसिड जोडत बसलो आहोत. ते एच-ॲसिड कुठून येते हे या निबंधांत एका ओळीनेही येत नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८०च्या दशकाच्या अखेरीस पावणेचारशे टन एच-ॲसिड तयार झाले आणि मागे सुमारे चोवीसशे टन विषारी गाळ उरला. गावाच्या विहिरी नासल्या, शेते गेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ साली आला, पाणी त्यानंतरही सुधारले नाही. हे रंग ज्या पोटातून जन्मतात ते पोट असे आहे. दोन टक्के छटेतला एखादा चौकोनी तुकडा रंगवण्यासाठी नवा रेणू बनवणाऱ्याला निदान एवढे विचारले पाहिजे की टाकीत किती रंग उरला, तो कुठे गेला, आणि या रेणूने बाजारातल्या कुठल्या रंगाला मागे टाकले. ॲझो बंध तुटून निघणाऱ्या अमाइनांमुळे भारताने ११२ रंगांवर बंदी घातली, ती यादी भिंतीवर लावलेली असते. नव्या रेणूतून कुठले अमाइन सुटेल याची चाचणी मात्र निबंधात नसते.

म्हणून नियतकालिकांच्या संपादकांना आणि परीक्षकांना एक विनंती. ज्या निबंधात बाजारातल्या प्रस्थापित रंगाशी शेजारी ठेवून तुलना नाही, नायलॉनवर मिश्रणातले वर्तन नाही, टाकीत उरलेल्या रंगाचे मोजमाप नाही आणि अमाइनची चाचणी नाही, तो निबंध परत पाठवा. आणि रेशमाच्या सेरिन-टायरोसिनला नव्वद अंशांखाली, सोड्याशिवाय धरणारा एक रंग घेऊन कुणी आला, मग तो रेणू कितीही जुना, छटा कितीही साधी असो, तर त्याला पहिले पान द्या.