ड्रोन वर, पाणी खाली

मध्य प्रदेशातल्या हट्टा गावच्या बावलीवरचे व्हिडिओ पाहायला घेतले की सुरुवात बहुधा आकाशातून होते. ड्रोन वर चढतो, धानाच्या हिरव्या बांध्यांच्या पलीकडे दगडी चौकट उघडते, मागचे संगीत गंभीर होते आणि निवेदक ‘रहस्यमय’ हा शब्द उच्चारतो. मग भुयाराची दंतकथा, मग खांबांची मोजणी. सतराव्या-अठराव्या शतकात हैहयवंशी राजांनी सैनिकांच्या पाण्यासाठी आणि उन्हाळ्यातल्या विसाव्यासाठी ही बावली बांधली असे सांगतात, तेही सांगून होते. एक प्रश्न मात्र राहून जातो: विहिरीला पायऱ्या कशासाठी? साध्या विहिरीचे पाणी खाली गेले की दोर लांब करतात. बावलीत दोर नाही, तिथे माणूसच पाण्यामागे खाली उतरतो. भूजल पावसाळ्यानंतर वर असते, वैशाखात तळाशी जाते, आणि प्रत्येक पायरी ही वर्षातल्या कुठल्यातरी आठवड्याची पाण्याची रेघ असते. खांबांच्या ओसऱ्या एकाखाली एक का आहेत, बाहेर ऊन फुटत असताना आत गारवा का राहतो, हे सगळे त्या एका प्रश्नाला धरून उलगडते. आकाशातून पाहिले की नेमकी ही खोलीच सपाट होते.

परिसराचा निसर्ग आणि इतिहास पडद्यावरून शिकवण्याची कला आज कुठे उभी आहे, हे तपासायला हट्टा ही चांगली जागा आहे. गोंदिया आणि बालाघाट यांच्या मधले हे गाव लोहमार्गावर आहे, ‘हट्टा रोड’ नावाचे स्टेशन आहे. घरात पोवारी किंवा मराठी, शाळेत हिंदी, बाजारात तिन्ही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या मध्य प्रांतातला मराठी मुलूख बाहेर पडला, त्यात भंडारा गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्या रेघेचा आभासी शिक्षणाशी काय संबंध, असे वाटेल. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा तो उघडा पडला. मध्य प्रदेशाने व्हॉट्सअ‍ॅप गटांवरून ‘डिजिलेप’ चालवले, ‘रेडिओ स्कूल’ चालवले; दोन्ही हिंदीतून. महाराष्ट्रासाठी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ आली, पहिली ते आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली. ती मालिका चांगली होती. फळ्यापुढे शिक्षक उभा करण्याऐवजी घरात आणि परिसरात करता येतील अशा कृती तिने दाखवल्या. हट्ट्यातल्या टीव्हीवर सह्याद्री वाहिनी लागतेही. पण पुस्तक महाराष्ट्राचे, परिसर महाराष्ट्राचा. हट्ट्याच्या मुलासाठी हिंदीतल्या कार्यक्रमात राज्य त्याचे, पण मुलखाचे नाव नाही. मराठीतल्या कार्यक्रमात भाषा त्याची, पण राज्य नाही. ‘प्रादेशिक’ म्हणवणारा कार्यक्रम प्रत्यक्षात पाठ्यपुस्तक मंडळाच्या हद्दीएवढा असतो. हे दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहे.

सारस पक्ष्याला ती हद्द ठाऊक नाही. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या खोऱ्यातल्या गोंदिया आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत मिळून सारसांची संख्या शंभराच्या आत आहे. ते उभ्या धानात घरटे करतात, तलावाच्या काठी चरतात, रात्री एका राज्यात आणि सकाळी दुसऱ्यात असू शकतात. त्यांची दरवर्षीची गणना स्वयंसेवी कार्यकर्ते, शेतकरी आणि वनखाते मिळून दोन्ही काठांवर एकाच सुमाराला करतात, कारण नाहीतर तोच पक्षी दोनदा मोजला जाईल. एवढ्या साध्या गोष्टीत भूगोल, गणित आणि राज्यशास्त्राचा एकेक धडा आहे. तरी बालाघाटच्या निसर्गावरचे दृश्य म्हटले की वाघ येतो. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग याच जिल्ह्यात आहे, मुक्कीचे प्रवेशद्वार इथलेच, म्हणून वाघ यायला हरकत नाही. हरकत आहे ती वाघाच्या पायाखालचे गवत वगळण्याला. कान्ह्याची खरी शिकवण्यासारखी कथा बारशिंग्याची आहे: १९७० च्या सुमारास त्यांची संख्या ६६ वर आली होती, आणि कुरणे सांभाळल्यावर, काही हरणे कुंपणात जपल्यावर ती पुन्हा वाढली. त्या कुरणांपैकी काहींच्या जागी आधी गोंड आणि बैगा गावे होती, साठच्या दशकाअखेरपासून ती उठवली गेली. निसर्गाच्या व्हिडिओत हे वाक्य ऐकू येत नाही, आणि इतिहासाच्या व्हिडिओत गवत येत नाही. दोन विषयांची दोन खाती केल्यामुळे असे होते. मामा तलावाचेही तसेच. माजी मालगुजारांचे तलाव म्हणून ‘मामा’. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब होते, मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारजमा झाले, सारस मात्र तिथेच चरत राहिला. तलाव निसर्गात घालायचा की इतिहासात?

इथे एक कसोटी मांडता येते, आणि या लेखाचा सगळा भर तिच्यावर आहे. जागेवर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसत नाही, ते पडद्याने दाखवावे. जे दिसते ते पुन्हा दाखवण्यात मिनिटे घालवू नयेत. हट्ट्याच्या मुलाला बावलीचे दृश्य नको आहे, ती त्याच्या पायांखाली आहे. पुण्याच्या मुलाला ते हवे असेल, पण मग तो पर्यटनाचा कार्यक्रम झाला, परिसराचा नव्हे. ही कसोटी लावली की आजचे बरेच काम नापास होते, हे खरे. पण जे उत्तीर्ण होऊ शकेल तेही लगेच दिसू लागते.

ताम्रपट घ्या. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचे बालाघाट ताम्रपट आणि दुसऱ्या प्रवरसेनाचे तिरोडी ताम्रपट हे या जिल्ह्याच्या इतिहासाचे मोठे पुरावे आहेत. वासुदेव विष्णु मिराशींनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचा जो खंड संपादित केला, तो १९६३ चा. हट्ट्याचे मूल तो खंड चाळणार नाही, आणि पत्रे त्याच्या हाती येणार नाहीत. पडद्याचे काम इथे सुरू होते. अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते, म्हणून या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. कॅमेरा त्या पेटीपर्यंत नेता येतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की बालाघाटचे ताम्रपट अपुरे आहेत. वंशावळ कोरली आहे, दान कोणाला आणि कुठले गाव दिले हा भाग कोरलेलाच नाही. सगळा लेख ज्यासाठी लिहायचा तेच नाही. का? हा प्रश्न आठवीच्या वर्गाला आठवडाभर पुरेल, आणि त्याला ठाम उत्तर नाही हे सांगणे म्हणजेच इतिहास कसा लिहितात ते सांगणे. मराठीत या दिशेचे साहित्य वाढते आहे. विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, भांडारकर संस्थेने २०२३ मध्ये ‘भारतविद्या’ हे अभ्यासक्रमांचे दालन उघडले. दोन्ही कामे भक्कम आहेत. पण त्यांची भाषा आणि आवाका मोठ्या माणसाचा आहे, आणि दिशा वरून खाली: आधी भारत, मग राजवंश, मग जमलेच तर गाव. हट्ट्याच्या बाजूने पाहायचे तर वाट उलटी हवी. आधी तिरोडी, जिथे आज मँगनीज निघते. आजच्या खाणीच्या गावाजवळ पाचव्या शतकातला राजा जमिनीचे दान कोरून ठेवतो, इथून गोष्ट सुरू झाली तर वाकाटक हे नाव पाठ करावे लागणार नाही.

खाण हेही पडद्याचेच क्षेत्र. भरवेलीची मँगनीज खाण जमिनीखाली खोल जाते, मलाजखंडला तांब्याचा प्रचंड उघडा खड्डा आहे. शाळेची सहल त्या बोगद्यात उतरू शकत नाही, कॅमेरा उतरू शकतो.

रूपाचा, म्हणजे कलेचा, विचार करताना जगातली दोन उदाहरणे कामाची आहेत, कारण दोन्ही स्वस्त कल्पनांवर उभी आहेत. अलास्काच्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात नदीच्या धबधब्यावर कॅमेरा एका जागी लावून ठेवला आहे. अस्वले सामन मासे धरतात, आपण पाहत बसतो. फारसे काही घडत नाही, पण जुलै ते सप्टेंबर पाहणाऱ्याला एकेक अस्वल ओळखू येऊ लागते, आणि २०१४ पासून दर शरदात तेच अस्वल आधी किती रोड होते आणि आता किती जाडजूड झाले आहे हे पाहून लोक मते देतात. खेळ वाटतो, थंडीच्या झोपेआधी चरबी का साठवावी लागते, हा धडा त्यात मुरलेला आहे. दुसरे नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे. वसंतात मासे वर जाऊ पाहतात आणि कालव्याचा जुना दरवाजा बंद असतो. २०२१ पासून पाण्याखालच्या कॅमेऱ्यात मासा दिसला की कुठल्याही देशातला प्रेक्षक बटण दाबतो, अशा घंटा वाजल्या की दरवाजा उघडला जातो. दोन्हींत कॅमेरा जागा सोडत नाही, वेळ हलतो. दुसऱ्यात प्रेक्षकाला कामही आहे. आपले कार्यक्रम याच्या नेमके उलट वागतात: कॅमेरा सतत फिरतो, वेळ गोठलेला असतो, आणि प्रेक्षकाला शेवटी ‘लाइक’ करण्याखेरीज काही उरत नाही. हट्ट्याच्या बावलीत समोरच्या भिंतीवरून एक साधा कॅमेरा वर्षभर रोज सकाळी एक छायाचित्र काढत राहिला, तर तीनशे पासष्ट चित्रे मिनिटभरात पळवता येतील. पाणी पायऱ्या उतरताना आणि चढताना दिसेल. शेजारच्या बांध्यांतल्या विंधन विहिरींचा उपसा वाढला की उतरण्याचा वेग बदलतो का, हेही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विचारता येईल. काठावर उभ्या माणसाला हे दिसणे शक्य नाही.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: मग मुलांना बावलीवरच न्या, पडदा कशाला? आक्षेप निम्मा बरोबर आहे. याच मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ पासून तीस वर्षे चालला. परिसरातली वस्तू हातात घेऊन, मोजून, विज्ञान शिकवण्याची ती पद्धत होती, आणि २००२ मध्ये सरकारने ती बंद केली. ते काम शिक्षकांच्या प्रशिक्षणावर उभे होते. प्रशिक्षित शिक्षक असेल तर पडदा दुय्यम, हे मान्य करायला हवे. पण परिसर समोर असला तरी प्रश्न आपोआप सुचत नाही, तो सुचवावा लागतो, आणि एकट्या शिक्षकाला ताम्रपट, भूजल आणि सारस तिन्ही येणे कठीण. पडद्याने शिक्षकाच्या जागी बसू नये, त्याच्या हाती प्रश्न द्यावा. (पाण्याच्या पायऱ्यांवर मुले एकटी जाऊ नयेत, ही सूचनाही त्यातच यावी.)

दुसरा आक्षेप हिशेबाचा. एका गावासाठी, एका बोलीत कार्यक्रम कोण करणार, पाहणार किती? हा वाद आपल्याकडे पन्नास वर्षांचा आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहातून सहा राज्यांतल्या २,४०० गावांना दूरचित्रवाणी दाखवली गेली, मध्य प्रदेशही त्यात होता. मोठ्या भूभागाला थोड्या भाषांत एकदम पोचण्याचा तो प्रयोग तंत्र म्हणून विलक्षण होता. त्याच काळात गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज इथे लहान प्रक्षेपक बसवला गेला आणि जिल्ह्यापुरते, जिल्ह्यातल्या माणसांना घेऊन, मजुरी आणि अस्पृश्यतेसारख्या तिथल्याच प्रश्नांवर कार्यक्रम केले गेले. १९८४ मध्ये युनेस्कोच्या पुरस्काराने त्याची दखल घेतली. लहान प्रेक्षकवर्ग हा तोटा मानला नाही म्हणून ते जमले. तेव्हा प्रक्षेपक लागत होता, आता फोन पुरतो. खर्चाचा आक्षेप त्यामुळे पूर्वीइतका वजनदार उरलेला नाही. ड्रोनवाल्यांच्या बाजूने एवढे म्हणावे लागेल की त्यांच्यामुळेच हट्टा हे नाव बाहेरच्यांना कळले. पण नाव कळणे ही पहिली पायरी, आणि तिथेच सगळे बसून आहेत.

फोन पुरतो, असे मी म्हटले. तो कोणाच्या हाती, हे मात्र पाहावे लागते. ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले, हे ‘असर’ पाहणीचे आकडे. त्याच पाहणीत अशा घरांतल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो फोन वापरायला मिळत नव्हता. फोन बापाबरोबर शेतात किंवा गोंदियाला जातो आणि दिवेलागणीला परततो. म्हणजे कार्यक्रम रात्रीचा, सात-आठ मिनिटांचा, आवाजावर अधिक आणि चित्रावर कमी विसंबणारा हवा. निवेदकाने ‘खेत’ किंवा ‘शेत’ न म्हणता ‘बांधी’ म्हणावे. आणि शेवटी सदस्य व्हा असे न सांगता विचारावे, की उद्या गुरुजींबरोबर गेलात तर वरून कितव्या पायरीपर्यंत दगड कोरडा आहे, आणि मागच्या सोमवारी कितव्या पायरीपर्यंत होता.