कानाची लिपि

मोर्सची लिपि शिकविणारीं जीं पुस्तकें व तक्ते आजवर आमच्या पाहण्यांत आले, त्या बहुतेकांत एक मोठा दोष आहे. ही लिपि तीं डोळ्यांना शिकवितात. एका रकान्यांत अक्षर, शेजारीं टिंबें व रेघा. विद्यार्थ्यानें तें पाठ करावें. आम्हींही पन्नाशी उलटल्यावर हौसेनें असाच एक तक्ता भिंतीवर टांगला आणि पंधरा दिवसांत तो घडाघडा म्हणून दाखवूं लागलों. पुढें एका वृद्ध स्नेह्यांच्या जुन्या बिनतारी यंत्रावर खरा संदेश ऐकला, तेव्हां एकही अक्षर पदरीं पडलें नाहीं. ध्वनि ऐकावा, टिंबें मोजावीं, तक्ता आठवावा, तोंवर पुढचीं तीन अक्षरें निघून गेलेलीं! आमचे स्नेही तारखात्यांतून निवृत्त झालेले. चष्मा कोठें ठेवला हें त्यांना आठवत नाहीं. परंतु तोच संदेश टिपतां टिपतां ते घरांत चहा सांगत होते.

गंमत अशी कीं, हा डोळ्याकानांचा तंटा या विद्येइतकाच जुना आहे. १८४४ सालीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार गेली, तेव्हां संदेश कागदाच्या पट्टीवर उमटावा व मनुष्यानें तो वाचावा, अशीच खुद्द मोर्सची योजना होती. तारमास्तरांनीं मात्र कांहीं वर्षांतच पट्टीकडे पाहणें सोडलें. यंत्राच्या खटखटीवरूनच ते मजकूर उतरूं लागले. वरिष्ठांना प्रथम हें रुचलें नाहीं. पण अखेर पट्टी गेली आणि कान राहिला. विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञानें शिकविण्याची रीतच बदलली. आरंभीं दोनच अक्षरें, पण पूर्ण वेगानें. शंभरांत नव्वद बरोबर येऊं लागलीं म्हणजे तिसरें. टिंबें मोजण्यास विद्यार्थ्याला अवकाशच द्यावयाचा नाहीं, हें त्यांतलें मर्म.

आमच्या वाचकांना हें परकें वाटूं नये. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मोर्सची रेघ टिंबाच्या तिप्पट, दोन अक्षरांमधला विराम तीन टिंबांचा, दोन शब्दांमधला सातांचा. ‘यमाताराजभानसलगं’ हें सूत्र रचणारा कानाचा मोठा जाणकार असला पाहिजे. ‘यमाता’ म्हणतांच य गण ऐकूं येतो. तेंच सूत्र आम्ही प्राध्यापकांनीं फळ्यावरच्या खुणांत कोंडलें. भुजंगप्रयाताचे चार य गण अचूक सांगणारा, पण त्या वृत्तांतली एक ओळ चालीवर म्हणूं न शकणारा विद्यार्थी आम्हीं तीस वर्षें उत्तीर्ण केला आहे. तक्ताकारांना नांवें ठेवतांना हें विसरून चालणार नाहीं.

आतां या विद्येवर कोणाचें पोट अवलंबून राहिलेलें नाहीं. जहाजांवरची तिची सक्ती १९९९ सालीं संपली. आपल्याकडील तार जुलै २०१३ मध्यें बंद झाली; तिच्यांतली मोर्सची खटखट तर त्याआधींच थांबली होती. कळा संग्रहालयांत काचेआड मुक्या बसल्या आहेत. हौशी लोक शिकतील तेवढेंच तिचें आयुष्य. म्हणून तर त्यांच्या हातीं असले तक्ते देणें आम्हांस अपराधासारखें वाटतें.

आमचा तक्ता आम्हीं भिंतीवरून काढला. सध्यां के व एम हीं दोनच अक्षरें कोखच्या रीतीनें चाललीं आहेत. कळीवर आमच्या हातचा एम फार रेंगाळतो, अशी स्नेह्यांची तक्रार आहे.